‘संरक्षित’ वन आणि ‘गौण’ खनिज : सरिस्का खाण-प्रकरण व त्यानंतर

१

भारतातील खाणविरोधी लोकलढ्यांचा इतिहास सांगताना आंदोलनाचे नेतृत्व आणि न्यायालयाचा अंतिम आदेश या दोन गोष्टींवर सामान्यतः भर दिला जातो. या दोहोंच्या दरम्यान एक तिसरी अवस्था असते. तीत गावकऱ्यांचे गाऱ्हाणे कायद्याच्या परिभाषेत मांडले जाते, आणि त्या परिभाषेतील एखाद्या शब्दाच्या अर्थावर संपूर्ण वादाचा निकाल अवलंबून राहतो. ही अवस्था इतिहासलेखनात बहुधा दुर्लक्षित राहिली आहे.

राजस्थानातील सरिस्का येथील खाणींविरुद्ध तरुण भारत संघाने सर्वोच्च न्यायालयात केलेला १९९१ चा अर्ज आणि नदीपात्रातील गोटे, खडी व वाळू यांच्या उत्खननाविषयी त्याच न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात दिलेला २०१२ चा निर्णय, ही या दृष्टीने विशेष अभ्यसनीय उदाहरणे होत. पहिल्या प्रकरणात वाद ‘संरक्षित’ या शब्दाभोवती फिरला, दुसऱ्यात ‘गौण’ या शब्दाभोवती. मूळ प्रश्न मात्र एकच होता. शासनाने भूमीला अथवा खनिजाला दिलेले नाव आणि त्या भूमीवर प्रत्यक्ष घडणारी क्रिया यांत विरोध उत्पन्न झाला असता प्रमाण कोणते मानावयाचे?

२

प्रथम ‘संरक्षित’ या संज्ञेचा विचार करू. १८७८ च्या वनकायद्याने वनांचे जे वर्ग पाडले, त्यांपैकी ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ हे दोन प्रमुख होत. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने ते कायम ठेवले आणि १९५३ च्या राजस्थान वन अधिनियमानेही तीच घडी स्वीकारली. सामान्य भाषेत ‘राखीव’ म्हणजे कोणासाठी तरी बाजूला ठेवलेले आणि ‘संरक्षित’ म्हणजे ज्याचे रक्षण केले जाते ते. त्यामुळे दुसरा शब्द अधिक बळकट वाटतो. कायद्यात स्थिती नेमकी उलट आहे. राखीव वनात ज्या गोष्टीला स्पष्ट अनुज्ञा नाही ती निषिद्ध असते. संरक्षित वनात ज्या गोष्टीला स्पष्ट मनाई नाही ती करण्यास मोकळीक असते. रक्षणाचे नाव धारण करणारा वर्गच अशा रीतीने रक्षणाच्या बाबतीत दुर्बल ठरला.

१९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमाने या भेदाला मोठा धक्का दिला. त्या अधिनियमाच्या कलम २ नुसार कोणतीही वनभूमी वनेतर कामासाठी वापरावयाची असल्यास केंद्र शासनाची पूर्वसंमती आवश्यक झाली. येथे ‘कोणतीही’ हे विशेषण महत्त्वाचे आहे, कारण त्यामुळे वर्ग कोणता हा प्रश्न मागे पडून भूमी वनभूमी आहे किंवा नाही एवढाच प्रश्न पुढे आला. अंबिका क्वारी वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९८६ रोजी या कलमाचा अर्थ आणखी स्पष्ट केला. गुजरातमधील त्या खाणपट्ट्यांतून काळा पाषाण, म्हणजे बांधकामाची खडी ज्यापासून फोडतात तो दगड, काढला जात असे. जुन्या पट्ट्याचे नूतनीकरण करावयाचे झाले तरीही केंद्राची संमती लागेल, असे न्यायालयाने ठरविले.

त्याच सुमारास डेहराडून-मसुरी परिसरातील चुनखडीच्या खाणींचे प्रकरण न्यायालयापुढे चालू होते. १९८३ मध्ये तेथील एका स्थानिक संस्थेने पाठविलेल्या पत्रालाच न्यायालयाने रिट अर्ज मानले आणि १९८५ मध्ये अनेक खाणी बंद करण्याचा आदेश दिला. ज्याची मालमत्ता प्रत्यक्ष बुडाली आहे त्यानेच दाद मागावी, हा जुना नियम येथे शिथिल झाला. सरिस्काच्या परिसरातील गावांना न्यायालयाचा दरवाजा ठोठावता आला तो या दोन घटनांनी तयार केलेल्या भूमिकेवर उभे राहूनच.

३

सरिस्का हे अरवलीच्या रांगांमधील अरण्य. पूर्वी ते अलवर संस्थानिकांच्या शिकारीचे रान होते. १९५१ च्या राजस्थान वन्य पशु व पक्षी संरक्षण अधिनियमाखाली १९५५ मध्ये ते वन्यप्राण्यांसाठी राखून ठेवण्यात आले. १९७५ मध्ये राज्याच्या वन अधिनियमाखाली ‘संरक्षित वन’ म्हणून त्याची अधिसूचना निघाली. १९७८ मध्ये व्याघ्र प्रकल्पात त्याचा समावेश झाला. एकाच भूमीवर रक्षणाच्या तीन मुद्रा उमटल्या होत्या. असे असूनही त्याच भूमीवर संगमरवर, डोलोमाइट इत्यादी खनिजांसाठी शासनाच्या खनिज विभागाने शेकडो परवाने दिले होते.

ही विसंगती समजून घेण्यासाठी स्थानिक लोकांची भूमिविषयक शब्दसंपदा पाहणे उपयुक्त ठरते. अलवर भागात गावाच्या रानाला एकच नाव नाही. देवतेच्या नावे सोडलेली ती ‘देवबनी’, गावाच्या शिवेवरील ती ‘काँकड बनी’, राखून ठेवलेली ती ‘रखत बनी’, आणि संस्थानिकांच्या राखणीतील गवताचे वा शिकारीचे रान ते ‘रूंध’. मराठी वाचकाला देवबनीवरून देवराईची आणि रखत शब्दावरून ‘राखीव’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. या प्रत्येक नावात त्या भूमीचा उपयोग कोणी, केव्हा आणि किती करावयाचा याचा संकेत अंतर्भूत आहे. महसुली दप्तरात हे संकेत उतरत नाहीत. तेथे भूमी एक तर वन असते, नाही तर वनेतर. आणि वनेतर म्हणून नोंदलेली पडीक टेकडी पट्ट्याने देण्यास मोकळी असते. गावाच्या दृष्टीने जी बनी होती ती एका दप्तरात ‘संरक्षित वन’ आणि दुसऱ्या दप्तरात ‘खाणपट्टा’ झाली.

या विसंगतीची झळ प्रथम लागली ती पाण्याला. तरुण भारत संघाने १९८५ पासून अलवर जिल्ह्यातील थानागाजी परिसरात राजेंद्र सिंह यांच्या नेतृत्वाखाली ‘जोहड’ बांधण्याचे काम हाती घेतले होते. जोहड म्हणजे उतारावरून वाहून येणारे पावसाचे पाणी अडविणारा अर्धवर्तुळाकार मातीचा बांध व त्यामागील तळे. त्याचा हेतू पाणी साठविण्याइतकाच ते भूमीत मुरविण्याचाही असतो. गोपालपुरा गावापासून आरंभ झालेल्या या कामाने जेथे विहिरींना पाणी आले, तेथे लोकांचा विश्वास वाढला. परंतु ज्या जोहडांजवळ खाणी होत्या, तेथे बांध उत्तम असूनही पाणी टिकेना. खाणीचा खड्डा जोहडाच्या तळाहून खोल असल्यामुळे मुरलेले पाणी खाणीकडे ओढले जाई आणि खाणीतून ते उपसून टाकले जाई. श्रमदानाने बांधलेले तळे कोरडे का पडते, या व्यवहारातील प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता गावे खाणीपर्यंत आणि तेथून कायद्यापर्यंत पोहोचली. वाघाच्या रक्षणासाठी हा लढा उभा राहिला असे जे पुष्कळदा सांगितले जाते, ते अर्धसत्य आहे. वाघासाठी काढलेली अधिसूचना पाण्यासाठी लढणाऱ्या लोकांच्या हाती लागलेले साधन होते.

४

तरुण भारत संघाच्या रिट अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर १९९१ रोजी अंतरिम आदेश दिला. त्याचा गाभा असा की, संरक्षित क्षेत्रात कोणत्याही स्वरूपाचे खाणकाम होऊ नये. अधिसूचना काढून पर्यावरणाचे रक्षण करीत असल्याचे सांगावयाचे आणि त्याच क्षेत्रात खाणींना परवाने देऊन त्याचा ऱ्हास होऊ द्यावयाचा, हे राज्य शासनाचे वर्तन न्यायालयाला विचित्र वाटले व तसे त्याने नमूद केले. न्यायालयाने येथे खाणींचे लाभालाभ तोलले नाहीत. शासनाच्या दोन वचनांतील विरोध दाखविला. भाषिक दृष्टीने पाहता, वक्त्याला त्याच्याच शब्दाने बांधून घेण्याची ही पद्धती होय.

कोणती खाण क्षेत्राच्या आत आणि कोणती बाहेर, याविषयी तीव्र मतभेद असल्यामुळे न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती एम. एल. जैन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आदेशाची अंमलबजावणी पाहणे हेही तिचे काम होते. नकाशावरील रेषा भूमीवर नेऊन पाहण्याचे हे काम कष्टाचे होते. समितीने सप्टेंबर १९९२ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार २१५ खाणी पूर्णतः संरक्षित वनात होत्या आणि ४७ खाणी अंशतः आत व अंशतः बाहेर होत्या. दरम्यान ७ मे १९९२ रोजी केंद्र शासनाने अरवलीच्या विशिष्ट क्षेत्रांविषयी स्वतंत्र अधिसूचना काढून तेथील नव्या खाणकामावर निर्बंध घातले होते.

अंतिम निर्णय ८ एप्रिल १९९३ रोजी झाला. पूर्णतः आत असलेल्या २१५ खाणी तत्काळ बंद करण्यात आल्या. ४७ खाणींचा आत येणारा भाग बंद झाला. व्याघ्र क्षेत्रात, परंतु संरक्षित वनाच्या बाहेर असलेल्या खाणींना केंद्र शासनाची अनुमती मिळविण्यासाठी अल्प मुदत मिळाली. क्षेत्र एकदा संरक्षित वन म्हणून घोषित झाले की ते १९८० च्या अधिनियमाच्या कक्षेत येते, मग महसुली दप्तर काहीही म्हणो, हे यातून स्थिर झाले. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात ‘वन’ या शब्दाला त्याचा कोशगत अर्थ द्यावा, असा जो व्यापक आदेश झाला, त्या दिशेने पडलेले हे महत्त्वाचे पाऊल मानावयास प्रत्यवाय नाही.

सुनावणीच्या काळात राज्य शासनाने पुढे केलेला एक प्रस्ताव इतिहासाच्या अभ्यासकाने दृष्टिआड करता कामा नये. खाणी चालू असलेले सुमारे ५ चौरस किलोमीटर क्षेत्र संरक्षित वनातून वगळावे आणि तेवढेच क्षेत्र अन्यत्र जोडून द्यावे, असे त्याचे स्वरूप होते. अंकगणिताच्या दृष्टीने त्यात कोणतीही हानी नव्हती. परंतु ज्या जोहडाचे पाणी त्या विशिष्ट खाणीत जात होते, त्याला दुसरीकडच्या ५ चौरस किलोमीटरांचा काय उपयोग? शासनाच्या दृष्टीने क्षेत्र ही मोजण्याची वस्तू होती; गावाच्या दृष्टीने ते विशिष्ट उतार, विशिष्ट ओढा आणि विशिष्ट विहीर यांचे नाव होते. या वादाचे मर्म या भेदात आहे.

निर्णयाची दुसरी बाजूही सांगणे प्राप्त आहे. खाणी बंद झाल्या तेव्हा त्यांवर पोट भरणाऱ्या मजुरांची मजुरी गेली आणि त्यांत त्याच परिसरातील लोक होते. म्हणूनच ‘गाव विरुद्ध खाण’ असे सरळ समीकरण मांडणे इतिहासाला धरून होणार नाही. विरोध गावाच्या आतही होता, आणि पाणी परतल्यावर शेती ज्या प्रमाणात सावरली त्याच प्रमाणात तो निवळणे शक्य होते.

५

सरिस्कातील खनिज मुख्यतः संगमरवर होते. ते मोलाचे असल्यामुळे त्याची चर्चा झाली. खडी, गोटे आणि वाळू यांच्या नशिबी तेही नव्हते. १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमाच्या कलम ३ मध्ये इमारती दगड, खडी, साधी माती आणि साधी वाळू यांना ‘गौण खनिज’ म्हटले आहे. त्यांच्याविषयी नियम करण्याचा अधिकार कलम १५ अन्वये राज्यांकडे आहे. येथे ‘गौण’ हे विशेषण मूल्याचे व प्रशासनाचे निदर्शक आहे, परिणामाचे नव्हे. तथापि शब्द वापरात आला की त्याचा अर्थ पसरतो. खनिज गौण, म्हणून खाण गौण, म्हणून तिची हानीही गौण, असा अर्थविस्तार प्रशासनाच्या व्यवहारात नकळत घडला. २७ जानेवारी १९९४ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत खाणींपैकी केवळ प्रधान खनिजांच्या, आणि त्याही ५ हेक्टरांहून मोठ्या पट्ट्यांचा समावेश होता. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने गौण खनिजांनाही कक्षेत घेतले. परंतु ५ हेक्टरांची मर्यादा राहिलीच.

या खनिजांची लोकभाषेतील नावेही विचारात घेण्याजोगी आहेत. कायद्यातील एका संज्ञेसाठी मराठीत मुरूम, खडी, गोटे असे निरनिराळे शब्द आहेत. मुरूम हा झिजलेला खडक, खडी ही फोडलेली, तर गोटे नदीने घडविलेले. हिंदीत ‘बजरी’ म्हणजे बारीक खडी. राजस्थानच्या शासकीय व्यवहारात मात्र तोच शब्द नदीतील वाळूसाठी रूढ आहे. कायदा वस्तूला तिच्या बाजारातील उपयोगावरून ओळखतो. लोकभाषा ती कोठून व कशी आली यावरून ओळखते. गोटे नदीने घडविले हे ज्याच्या शब्दातच आहे, त्याला ते उचलल्याने नदी बिघडते हे वेगळे सांगावे लागत नाही. पात्र खोल जाते, काठ ढासळतात, पुलांचे पाये उघडे पडतात आणि काठच्या विहिरींची पातळी नदीबरोबर खाली जाते.

अशा विरोधाचे एक ठळक उदाहरण हरिद्वारचे आहे. राजाजी राष्ट्रीय उद्यानाच्या शेजारून वाहणाऱ्या गंगेच्या पात्रातील गोटे व खडी काढण्याविरुद्ध कनखलजवळील मातृसदन या आश्रमाने १९९८ पासून उपोषणे केली आणि त्याचबरोबर न्यायालयीन मार्गही अवलंबिला. कुंभमेळा क्षेत्रातील एक दगडफोड केंद्र बंद करण्याविषयीचा शासकीय आदेश उत्तराखंड उच्च न्यायालयाने २६ मे २०११ रोजी उचलून धरला. त्या वेळी याच मागणीसाठी १९ फेब्रुवारीपासून उपोषण केलेले स्वामी निगमानंद रुग्णालयात बेशुद्धावस्थेत होते. १३ जून २०११ रोजी त्यांचा मृत्यू झाला. ज्या वस्तूला कायद्याने गौण म्हटले, तिच्यासाठी एका मनुष्याने प्राण वेचले.

याच वर्षी हरियाणा शासनाने पंचकुला इत्यादी जिल्ह्यांत गोटे, खडी व वाळू यांच्या खाणींचे लिलाव जाहीर केले. त्यांतील अनेक पट्टे ४.५ हेक्टरांहून अधिक नव्हते. मर्यादा ५ हेक्टरांची असता पट्टे ४.५ हेक्टरांचे असावेत, हा योगायोग खचित नव्हता. या लिलावांवर आक्षेप घेणारे अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आले आणि २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात निर्णय झाला. ५ हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही, आणि त्यांच्या नूतनीकरणालाही, पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी घेतलीच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. एका पट्ट्याचा आघात लहान असला तरी शेजारी शेजारी असलेल्या अनेक पट्ट्यांचा एकत्रित आघात मोठा असतो, हे त्यामागील तत्त्व होय. अर्जदार येथे सरिस्काप्रमाणे गावांची संघटना नव्हती. परंतु गावे जे पूर्वीपासून अनुभवीत होती त्याला या निर्णयाने कायद्याची मान्यता दिली.

६

निर्णयानंतरचा इतिहास मात्र सरळ नाही. १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने लहान पट्ट्यांची मंजुरी जिल्हा पातळीवरील प्राधिकरणाकडे सोपविली. १३ सप्टेंबर २०१८ रोजी सतेंद्र पांडे प्रकरणात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ती पद्धती दीपक कुमार निर्णयाशी विसंगत ठरविली. अभयारण्यांच्या सीमेलगतच्या खाणींचा प्रश्नही असाच टप्प्याटप्प्याने पुढे गेला. २१ एप्रिल २०१४ च्या गोवा फाउंडेशन प्रकरणात गोव्यातील राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांच्या सीमेपासून १ किलोमीटरच्या आत खाणपट्टे देण्यास मनाई झाली. ३ जून २०२२ च्या आदेशाने संरक्षित वनाभोवती किमान १ किलोमीटरचा संवेदनशील पट्टा देशभर बंधनकारक केला. २६ एप्रिल २०२३ रोजी तो आदेश सौम्य झाला, परंतु त्या पट्ट्यातील खाणकामाची मनाई टिकली.

सरिस्कात तर इतिहासाची पुनरावृत्तीच दिसते. १९९३ च्या निर्णयाने खाणी थांबल्या, पण चोरटी शिकार थांबली नाही; २००५ पर्यंत तेथील वाघ नाहीसे झाल्याचे उघड झाले आणि २००८ मध्ये रणथंभोरहून वाघ आणावे लागले. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला व्याघ्र अधिवासाच्या सीमेपासून १ किलोमीटरच्या आतील खाणी बंद करण्याचा आदेश पुन्हा द्यावा लागला. त्यानंतर २० नोव्हेंबर २०२५ रोजी अरवलीची टेकडी कोणती याची १०० मीटर उंचीवर आधारलेली व्याख्या न्यायालयाने स्वीकारली, आणि तिच्यामुळे असंख्य लहान टेकड्या रक्षणाबाहेर जातील असा विरोध होताच २९ डिसेंबर २०२५ रोजी तो आदेश स्थगित केला. वाद पुन्हा एकदा शब्दाच्या अर्थावरच येऊन ठेपला.

या सर्व घटनांतून एक सूत्र निष्पन्न होते. खाणीला कायद्याने अटकाव होताच तिच्या बाजूने होणारा पुढील प्रयत्न कायद्यातील शब्दाची मर्यादा सरकविण्याचा असतो. ५ चौरस किलोमीटरांची अदलाबदल, ४.५ हेक्टरांचे पट्टे आणि १०० मीटरांची टेकडी हे तीन वेगळ्या काळांतील, पण एकाच जातीचे प्रयत्न होत. यांपैकी प्रत्येकात मोजमाप अचूक आहे. सुटून जातो तो पाण्याचा उतार. सरिस्कातील गावांनी न्यायालयापुढे नेलेले खरे ज्ञान या उताराचे होते, आणि ‘संरक्षित’ या शब्दाला १९९३ मध्ये जे बळ आले ते त्या ज्ञानामुळे.

हे ज्ञान अजूनही बहुतांशी दप्तराबाहेर आहे. २०१६ च्या अधिसूचनेने जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा हरकती व सूचनांसाठी २१ दिवस लोकांपुढे ठेवण्याची तरतूद केली. महाराष्ट्रातही ‘गौण खनिज’ हीच संज्ञा २०१३ च्या उत्खनन नियमांच्या शीर्षकातच आहे. त्या २१ दिवसांत गावाने आपल्या ओढ्याचे, बनीचे वा देवराईचे नाव आणि तिच्या पाण्याचा मार्ग लेखी नोंदविला, तर पुढील वादात तो पुरावा ठरतो. न नोंदविल्यास, भूमी एका दप्तरात संरक्षित आणि दुसऱ्यात पट्ट्यास मोकळी राहण्याचा सरिस्कापूर्व प्रकार पुन्हा घडण्यास काहीच अडथळा उरत नाही.